शेख सरांचं तिसरं वर्ष

शेख सर मोसंबी सोलायला लागले की आम्ही हातातली कामं ठेवून बघत बसायचो. खिशातल्या छोट्या चाकूनं देठापासून सुरुवात करायची आणि साल एका सलग पट्टीत खालपर्यंत उतरवायची, मध्ये कुठं तुटू द्यायची नाही. मग ती लोंबती पट्टी वर धरून विचारायचे, "मॅडम, हिला टेबलावर सपाट पसरली तर कोणता आकार होईन?" मी रसायनशास्त्र शिकवणारी. "मला काय कळतंय त्यातलं, सर? फोड द्या इकडं," म्हणायची. एक फोड द्यायचे. दुसरी उत्तर आल्यावर. माझं उत्तर कधी आलं नाही, त्यामुळं एक दिवस सोडला तर इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातची अख्खी मोसंबी काही खाल्ली नाही.

जाफराबादच्या आमच्या कॉलेजात ते गणिताचे एकटे प्राध्यापक. मूळचे टेंभुर्णीचे, आधी तिथंच हायस्कूलवर होते, कॉलेज निघालं तसे इकडं आले. राखाडी सफारी, एका खिशात चाकू, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेला खडू. घरात उर्दू, वर्गात मराठी आणि राग आला की दोन्ही. राग मात्र एकाच गोष्टीचा यायचा. पोरांनी गणितातली मधली पायरी गाळली की सर लाल व्हायचे. उत्तर बरोबर असलं तरी शून्य. एकदा एका पोराचा बाप भांडायला आला. "उत्तर बराबर हाये ना, मंग?" सर शांतपणे म्हणाले, "माडीवरून उडी मारली तरी माणूस खालीच येतो. पण आपण जिना बांधला ना?" बाप चहा पिऊन गेला.

आमच्याकडं आधी गणित दोनच वर्षं होतं. पदवीचं तिसरं वर्ष करायचं तर जालन्याला जायचं. पोरं जायची, खोली करून राहायची. पोरी थांबायच्या. दोन वर्षं मन लावून शिकलेली पोर तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी घरी भाकरी थापताना दिसायची. सर बाजारात अशा एकीला भेटले की दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. त्यांनी विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवून झिजवून जाफराबादला तिसरं वर्ष आणलं. आणलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी सगळ्यांना मोसंबी सोलून दिली, एकही प्रश्न न विचारता. लोकांना मुलं असतात, जमिनी असतात. या माणसाला मूलबाळ नव्हतं, आणि तिसरं वर्ष होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा विद्यापीठानं नवा अभ्यासक्रम काढला. एक वर्ष सोडून पुढच्या जूनपासून गणिताच्या तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल, तेही संगणकावर, गणिताच्या खास सॉफ्टवेअरमध्ये. गणिताला प्रॅक्टिकल म्हटल्यावर आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ज्या कॉलेजात ते सॉफ्टवेअर चालू नसेल तिथलं तिसरं वर्ष बंद, आणि त्याआधी समिती येऊन बघणार, हे त्यांनी परिपत्रकात आमच्या आधी वाचलं होतं.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला त्यांच्याकडं मोजकीच पोरं होती आणि दोन पोरी. अलका शेजारच्या खेड्यातली, कापूस वेचून आलेली बोटं घेऊन वर्गात बसायची. नसरीन गावातल्या टेलरची मुलगी, मापाची टेप लावल्यासारखं सरळ अक्षर. पोरांचं काही नव्हतं, ती जालन्याला गेलीच असती. या दोघींचं सगळं त्या सॉफ्टवेअरवर अडलं होतं. सर मला म्हणायचे, "मॅडम, अशा पोरी रोज येत न्हाईत. चुकून येतात."

सर संस्थेच्या मागं लागले. प्राचार्यांना सांगितलं, हेडक्लार्कला सांगितलं, खरेदी समितीत जाऊन फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. शेवटी संगणक आले, सॉफ्टवेअरही आलं. बसवायला औरंगाबादहून एक माणूस आला तेव्हा सरांचा तास चालू होता. तास सोडून येणारे ते नव्हेत. त्या माणसानं प्राचार्यांना, हेडक्लार्कला आणि विज्ञानाची प्रमुख म्हणून मला एक रंगीत आकृती पडद्यावर फिरवून दाखवली. जाताना बजावून सांगितलं, "आजपासून एक वर्ष चालेल. वर्ष झालं की आपोआप बंद पडतं, पुन्हा परवाना घ्यावा लागतो." सर खडूचे हात पुसत धावत आले तोवर खोलीला कुलूप लागलं होतं आणि दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत बांधलेली होती.

"उद्घाटन व्हायचंय," प्राचार्य म्हणाले.

आता हे आमच्याकडचं शास्त्र बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा हात लागल्याशिवाय नवीन वस्तू वापरायची नाही. मागं एकदा पाण्याच्या टाकीचं उद्घाटन ठरलं होतं. उन्हाळा होता, पोरांनी आदल्या दिवशी नळ सोडून पाणी पिलं. अध्यक्ष आले, खाली सांडलेलं पाणी बघितलं आणि गाडीत बसून परत गेले. तेव्हाचे प्राचार्य पुढच्या महिन्यात संस्थेच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होते. त्यामुळं आत्ताच्या प्राचार्यांनी कुलपाची किल्ली जानव्यासारखी जपली तर त्यांनाही दोष देता येत नव्हता.

सरांच्या हाती लागलं ते फक्त सॉफ्टवेअरसोबत आलेलं जाडजूड पुस्तक. ते त्यांनी पंधरवड्यात पालथं घातलं आणि बंद खोलीच्या शेजारच्या वर्गात शिकवायला लागले. कसं, तर सर स्वतःच संगणक झाले. एका पुठ्ठ्यावर त्यांनी कळफलक काढला होता. अलका त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायची आणि काय दाबलं ते फळ्यावर लिहायची. सर फळ्याच्या बाजूला हात बांधून उभे. आज्ञा बरोबर असली की गर्रकन वळून खडूनं आकृती काढून द्यायचे, एखादा स्वल्पविराम राहिला की मान न हलवता म्हणायचे, "एरर." पोरी म्हणायच्या, "सर, कळलं ना तुम्हाला, मला काय लिहायचं होतं ते." सर म्हणायचे, "शेख सरला कळलं. मशीनला न्हाई कळत. मशीन दयामाया करत न्हाई." एकदा मी दारात उभी राहून बघत होते. नसरीननं मोठी लांबलचक आज्ञा लिहिली, सरांनी बराच वेळ खडू चालवला आणि फळ्यावर एक घोड्याच्या खोगिरासारखा पृष्ठभाग उभा केला. सर मागं सरून आपलीच आकृती बघत म्हणाले, "हे मशीनमध्ये गोल फिरतं म्हणे. खालून पण बघता येतं." भिंतीच्या पलीकडं ते मशीन कापडाखाली झाकलेलं होतं.

मग ते अध्यक्षांना भेटायला टेंभुर्णीला गेले. अध्यक्ष म्हणजे अण्णासाहेब, हायस्कूलात सरांच्याच हाताखाली शिकलेले. माझं माहेर घनसावंगीकडचं असलं तरी सासरची थोडी जमीन टेंभुर्णीला, मलाही त्या दिवशी तिकडं काम होतं, म्हणून आम्ही एकाच बसनं गेलो. अण्णासाहेबांच्या ओट्यावर माणसांची ही गर्दी. सरांना बघताच ते उठून आले, वाकून पाया पडले, स्वतःच्या हातानं खुर्ची पुसून दिली.

"अण्णा, फीत राहू दे. पोरींना बसू दे आत. तू मंग सवडीनं ये," सर म्हणाले. "त्याचं वर्ष चालू झालंय. रोज एक दिवस कमी होऊन राह्यला."

"असं कसं, सर?" अण्णासाहेबांचे डोळे खरंच भरून आले होते. "दुसऱ्या कुणाचं काम असतं तर म्हणलो असतो, उरकून घ्या. तुमच्या कामाला मी न्हाई यायचं तर कुणी यायचं? माझ्याच हातानं होईल. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

येताना बसमध्ये सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर भांडलो असतो, मॅडम. पाया पडणाऱ्याशी कसं भांडायचं?"

अण्णासाहेब खोटं बोलले नव्हते. तारीख दिली. त्या तारखेच्या आधी निवडणूक लागली, आचारसंहिता आली. ती उठली तर त्यांच्या चुलत्याचं निधन झालं, सुतक आलं. मग पेरण्या. मग गणपतीनंतर बघू, मग दसऱ्याला मुहूर्त, दसऱ्याला त्यांना मुंबईहून बोलावणं. फितीचा लाल रंग उन्हानं गुलाबी झाला तेव्हा शिपायानं नवी फीत आणून बांधली. सर प्राचार्यांना आठवण द्यायचे, "साहेब, वर्ष संपत आलं." प्राचार्य म्हणायचे, "सर, यंत्र कुठं पळून चाललंय का?" पुन्हा परवाना घ्यायचा विषय सरांनी हेडक्लार्ककडं काढला तर तो म्हणाला, "घेतलेली वस्तू परत कशी घ्यायची, सर? अजून सील फुटलं न्हाई. तूर आहे का कीड लागायला?" पडून राहिलेली वस्तू नवीनच असते, वापरली की जुनी होते, हे त्याला बाळकडूसोबत मिळालेलं ज्ञान. त्याच्यापुढं कोण काय बोलणार?

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी उद्घाटन झालं. मांडव, हार, बँडसुद्धा. अण्णासाहेबांनी सरांचा हात धरून त्यांना पुढं घेतलं, फीत कापली, नारळ फोडला, कापड बाजूला केलं आणि सांगितलं तिथं बोट दाबलं. दारात आम्ही सगळे, आमच्या मागं अलका आणि नसरीन टाचा उंचावून. पडद्यावर एक चौकोन आला, त्यात इंग्रजीत दोन ओळी. परवान्याची मुदत संपली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. टाळ्या वाजल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला.

"काय लिहिलंय, सर?" अण्णासाहेबांनी कौतुकानं विचारलं. शेतीभातीतला माणूस, इंग्रजी त्यांचं बेताचंच.

सरांनी त्या ओळींकडं बघितलं. एवढ्या माणसांत, गळ्यात हार घालून उभ्या असलेल्या आपल्या विद्यार्थ्याकडं बघितलं. म्हणाले, "स्वागत आहे, असं लिहिलंय, अण्णा."

एका स्वल्पविरामासाठी पोरींना दहादा लिहायला लावणारा माणूस. मी पुढं होऊन वाचलं. मागं वळून बघितलं तर अलकानंही वाचलं होतं. ती नसरीनचा हात धरून बाहेर गेली. सर पेढ्याचं ताट घेऊन लोकांत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी समिती आली, सॉफ्टवेअर चालवून दाखवा म्हणाली. जे व्हायचं ते झालं. पुढच्या जूनपासून जाफराबादचं गणिताचं तिसरं वर्ष बंद. अण्णासाहेबांना कळलं तेव्हा ते प्राचार्यांवर भडकले, हेडक्लार्कवर भडकले, सरांसमोर येऊन लहान पोरासारखे रडले. सरच त्यांना पाणी देत होते. त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्यांना तिसऱ्या वर्षाचे जनक म्हटलं. असा संताप आला मला, पण निरोप समारंभात कुणी भांडतं का?

मला वाटलं, आता हा माणूस खचला. पण निकाल लागल्यावर एका सकाळी सर माझ्या दारात. "मॅडम, चला. अलकाच्या घरी बाईमाणूस संगं असलेलं बरं." आम्ही गेलो. अलकाचे वडील बाजेवर बसले होते. सरांनी सरळ विषय काढला, जालन्याच्या कॉलेजात नाव घालायचं.

"जालन्याला?" ते म्हणाले. "दोन तास जायला, दोन तास यायला. पोरीची जात. कुणाच्या भरवशावर, सर?"

"माझ्या."

"म्हंजी?"

"मी संगं जाईन, संगं येईन. रोज. तिला तिकडं सोडून एक दिवस परतलो तर नाव काढून टाका."

"तुमचं आता आराम करायचं वय, सर."

"पोरींचं वर्ष झालं की करतो ना आराम. दुसरं काय काम आहे मला?"

बाप बाजेवरून उठला. मग आतल्या अंगाला तोंड करून म्हणाला, "अलके, सरांना पाणी दे." आमच्याकडं होकार असाच देतात. नसरीनच्या वडिलांकडंही हेच बोलणं झालं, फक्त उर्दूत.

आणि खरंच जूनपासून सर जालन्याच्या पहिल्या बसला. एका हातात डब्याची पिशवी, मागं दोन पोरी. पावसापाण्यात, बस चुकली तर जीपला लोंबकळत. गाव आधी हसलं, मग सवय झाली. दिवाळीनंतर मी पेपर तपासायला जालन्याच्या त्या कॉलेजात गेले तेव्हा सर मला फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर दिसले. मफलर गुंडाळून पेपर वाचत होते. चेहरा उतरला होता, श्वास लागत होता.

"आत का बसत नाही, सर?"

"ओळखपत्राशिवाय सोडत न्हाईत. बराबर आहे त्यांचं. कुणीबी घुसंल."

"माझ्या ओळखीच्या बाई आहेत आत. चला, मी नेते. पोरी आता प्रॅक्टिकललाच असतील. तुम्हीपण बघा एकदा."

"नको. मी आत गेलो तर पोरी माझ्याकडं बघतील. त्या पडद्याकडं बघायला आल्यात." मग पेपरची घडी करत, दुसरीकडं बघत म्हणाले, "येताना बसमध्ये सांगतात मला सगळं. आज हे काढलं, आज ते फिरवून बघितलं. नसरीन तर हातानं फिरवून दाखवते. पण खरं सांगू, मॅडम? बघावं वाटतं. लई वाटतं."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले आणि आम्ही दोघांनी त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली.

पौषातल्या थंडीत एके दिवशी जालन्याच्या स्टँडवर बसमधून उतरताना सर खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पोरींनीच रडत रडत माणसं गोळा केली, दवाखान्यात नेलं. दोघींचे बाप रात्रंदिवस सरांच्या उशाशी होते. अलकाच्या वडिलांनी तर त्यांचे पाय चेपले. पण पोरी मात्र पुन्हा बसमध्ये चढल्या नाहीत. मी दोन्ही घरी जाऊन घसा कोरडा केला. नोकरी सोडून मला जाता येत नव्हतं, आणि नुसतं बसमध्ये बसवून दिलेलं कुणाला चालणार नव्हतं. "सरच न्हाईत संगं, तर कुणाच्या भरवशावर?" हेच दोन्ही घरांत ऐकून मी परत आले. उन्हाळ्यात अलकाचं लग्न झालं. नसरीन वडिलांच्या दुकानात काज-बटण करायला बसली. परीक्षा तोंडावर आली होती हो, तोंडावर.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा सकाळीच मी सरांच्या घरी गेले. त्यांचं घर स्टँडच्या रस्त्यावर. सर दारात खुर्चीवर बसले होते, इस्त्रीची सफारी, केस विंचरलेले. आणि सरांच्या मिसेस, आमच्या भाभी, त्यांच्या पायाशी बसून त्यांना मोजे घालत होत्या, त्यावर बूट. नाड्या घट्ट बांधल्या. मला वाटलं, दवाखान्यात न्यायचंय.

"कुठं निघालात, भाभी?"

भाभींनी मान हलवली. "कुठं न्हाई. या टायमाला ते बुटाकडं हात करतात. रोज. घातल्याशिवाय चहा घेत न्हाईत."

तेवढ्यात रस्त्यावरून जालन्याची बस गेली. सरांनी डावा हात उचलला, धडपडून उठायला बघितलं, खुर्ची करकरली. बस पुढं निघून गेली. धूर खाली बसेपर्यंत सर रस्त्याकडं बघत होते.

भाभी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज निकल गई जी. कल जल्दी जायेंगे."

सरांनी मान डोलावली.

मी भाभींना हळूच आत बोलावून विचारलं, "पोरी आता जात नाहीत, हे सांगितलं नाही का त्यांना?"

"सांगितलं ना एकदा," भाभी पदरानं हात पुसत म्हणाल्या. "दोन दिवस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी विसरले, आन सकाळी पुन्हा बुटाकडं हात."

त्या बाहेर येऊन पुन्हा त्यांच्या पायाशी बसल्या आणि आत्ताच बांधलेल्या नाड्या सोडायला लागल्या. सरांनी माझ्याकडं बघितलं, ओळखलं असावं. मग ज्या पायात थोडी ताकद उरली होती तो पाय त्यांनी स्वतःच उचलून भाभींच्या मांडीवर ठेवला.